वाकणारी दुर्बीण सरळ करण्याचा शास्त्रोक्त विधी

साहित्य : स्वहस्ते बांधलेली, दहा इंची आरशाची, आठ पाइपांची ट्रस (त्रिकोणी सांगाड्याची) दुर्बीण एक, लेझर कॉलिमेटर एक, पाने दोन, वॉशर मूठभर. सल्ला देणारे मित्र घेऊ नयेत, ते आपोआप येतात.

१. दुर्बीण थेट डोक्यावर रोखून कॉलिमेशन करावे, म्हणजे आरसे एका रेषेत आणावेत. आरशावरून परतलेला लाल ठिपका कॉलिमेटरच्या पाटीवर मधोमध आला की कृतार्थ वाटते. लगेच नळी क्षितिजाकडे झुकवावी. ठिपका घसरला की कृतार्थता संपते. ४.५ फोकल रेशोच्या आरशाचे निर्दोष क्षेत्र जेमतेम दोन मिलीमीटरचे. त्याबाहेर ताऱ्याला शेपूट फुटते. धूमकेतू सापडला म्हणून कुणालाही फोन करू नये.

२. नळी पुन्हा वर न्यावी. ठिपका जागेवर आला तर दुर्बीण वाकते; याला फ्लेक्शर म्हणतात. नाही आला तर काहीतरी सैल आहे. घरच्या दुर्बिणीत बहुधा दुसरेच निघते. पण ‘सैल आहे’ म्हणण्यापेक्षा ‘फ्लेक्शर आहे’ म्हटले की चारचौघांत वजन पडते.

३. इथे जाड पाइप आणायला बाजारात धावण्याची उबळ येईल. ती दाबावी. पत्र्याची जाडी तीच ठेवून पाइपाचा व्यास दुप्पट केला की तो वाकायला सुमारे आठपट कठीण होतो, हे खरे. पण नीट बांधलेल्या त्रिकोणात पाइप वाकतच नाही; तो फक्त ताणला किंवा दाबला जातो. दगा देतो तो सांधा.

४. म्हणून डाव्या हाताने वरचे कडे हलकेच दाबावे आणि उजव्या हाताचे बोट एकेका सांध्यावर ठेवावे. जिथे बोटाखाली ‘टुक’ होते, तिथे चोर आहे. सहाच्या बोल्टला आठचे भोक पाडलेले असते, नटाखाली प्लायवूड चेपलेले असते, आणि दोन पाइपांची टोके एका बिंदूत मिळण्याऐवजी चार बोटांचे अंतर राखून असतात. भोक बुजवून नेमके पाडावे, रुंद वॉशर घालावा, टोके जवळ आणावीत.

५. तरीही ठिपका हलला तर आरसा त्याच्या सेलमध्ये, म्हणजे बैठकीत, सरकतो का आणि दुय्यम आरसा धरणाऱ्या स्पायडरची पाती ढिली आहेत का, ते पाहावे.

६. एवढे करूनही थोडे वाकणे उरेल. खचू नये. पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीसाठी मार्क सेरुरियेने १९३५ साली जो ट्रस आखला, त्यात त्याने वाकणे मान्यच केले. फक्त दोन्ही टोके सारखीच खाली यावीत आणि एकमेकांना समांतर राहावीत, एवढे बघितले.

एकूण खर्च : आठ वॉशर. जाड पाइप आधीच आणले असल्यास गच्चीत कपडे वाळत घालायला उत्तम.