पुन्हा पहिलीत

घोडबंदर गावात आमच्या शेजारी सध्या एकच वाद चालू आहे: मुलाला जपानला पाठवायचं, पण आधी भाषाशाळेत की थेट विद्यापीठात? फ्रिजवर हिरागानाच्या 46 अक्षरांचा तक्ता चिकटलाय, त्याच्या खाली गॅसबुकिंगचा नंबर. काकूंचं म्हणणं, "बारा वर्षं इंग्रजी शाळेची फी भरली, आता पुन्हा बालवाडी?"

काकांनी हिशेब मांडला. जपानी माध्यमातल्या पदवीला जपानी भाषा परीक्षेची साधारण एन-टू पातळी लागते, पोराची गाडी सगळ्यात खालच्या एन-फाइव्हवर. म्हणजे फार तर दोन वर्षं भाषाशाळा, शिवाय परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम. इंग्रजीतून पदवी देणारी विद्यापीठं तिथेही आहेत. पण मग दुकानात भात मागायचा कसा, हे प्रवेशपत्रात लिहिलेलं नसतं. एजंट मात्र निःपक्षपाती. ज्या दाराचं कमिशन जास्त, तेच दार पोरासाठी योग्य!

मला राहून राहून मागच्या टेकडीवरचा पोर्तुगीजांचा किल्ला आठवतो. ते समुद्र ओलांडून आले, कुठल्याही मराठी वर्गात नाव न घालता या खाडीकाठी दोनशे वर्षं राहिले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांचा व्हिसा संपला.

पोरगा अजून काही बोललेला नाही. गायमुखच्या वाहतुकीत अडकलाय. जपानीच्या क्लासला निघाला होता, मराठीतच शिव्या देत असेल.