सरका, मीच करते

दसरा झाला की आमच्या डोंबिवलीत बायकांचे दोन तट पडतात. एक घरी फराळ करणाऱ्यांचा, दुसरा विकत आणणाऱ्यांचा. दुसरा तट दरवर्षी फुगतो आणि त्याच्यावरच माझं दुकान चालतं. भाजणी भाजण्यापासून अनारसा न हसता तळून काढण्यापर्यंतची सगळी जोखीम या बायका माझ्या गळ्यात घालतात, पैसे मोजतात आणि खुशाल नाटकाला जातात. काम सोपवावं ते यांनी. त्यांच्यातली एकही आजवर माझ्या कढईपाशी येऊन "मोहन बेतानं घाला हं" म्हणालेली नाही. ते मी म्हणते. आमच्या चकलीवाल्या मावशींना. दर घाण्याला.

उद्योजक महिलांच्या एका शिबिरात व्याख्याते म्हणाले, "मालकिणीनं फक्त मालकिणीचं काम करावं." मला पटलं. बाकीची कामं मी त्याच आठवड्यात वाटून टाकली.

हे बँकेतून निवृत्त झालेले, म्हणून हिशेब यांच्याकडे दिला. यांनी पहिल्याच दिवशी कढीपत्त्याच्या जुडीची पावती मागितली. भाजीवालीनं जे ऐकवलं ते व्हाउचरला जोडता येण्यासारखं नव्हतं. मग मी अधिकार ठरवून दिले. खर्च यांनी आपल्या मनानं करावा, फक्त शंभर रुपयांच्या वर गेला तर मला विचारावं. आमच्या धंद्यात शंभराच्या आत फक्त मीठ येतं. तेव्हापासून मीठ या विषयात यांना पूर्ण स्वातंत्र्य आहे.

बँक, जीएसटी, अमेरिकेला जाणाऱ्या फराळाचं कुरियर, ही कामं मुलाकडे. तो सगळं चोख करतो, पण ओटीपी येतो माझ्या फोनवर. मी सोऱ्या दाबत असते, हात कोपरापर्यंत भाजणीत, आणि आतून आरोळी येते, "आई, लवकर सांग, मुदत संपतेय!" नाकानं फोन उघडायची कला मला आता अवगत आहे. "माझा नंबर देऊ का तिथं?" असं त्यानं विचारलं होतं. विचार करून सांगते म्हणाले. विचार चालू आहे.

आणि कढई मावशींकडे. पूर्णपणे. मी फक्त शेजारी उभी असते. आता शेजारी मालकीण उभी असली की माणसाचं काय होतं पाहा. मावशींनी उभ्या आयुष्यात चकली बिघडवलेली नाही, पण मी दिसले की "ताई, गॅस बारीक करू?", "ताई, उलटू का आता?", "ताई, काढू?" कामगार विचारल्याशिवाय हलत नाहीत अशी तक्रार सगळेच मालक करतात. न विचारता हलल्यावर आपण काय बोललो होतो, ते मात्र कामगारांच्याच लक्षात राहतं.

त्याच शिबिरात शिवाजी महाराजांचा दाखला दिला होता. 1666 च्या मार्चमध्ये महाराज आग्र्याला निघाले, तिथं नजरकैदेत पडले, ऑगस्टमध्ये निसटले. तेवढे महिने राजा शत्रूच्या घरात, आणि इकडे जिजाऊंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळ्यांसारख्या माणसांनी राज्य सांभाळलं. किल्लेदारानं मीठ घेऊ का म्हणून आग्र्याला सांडणीस्वार पिटाळला नाही. उलट औरंगजेब. 1681 मध्ये जातीनं दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही. वयाची ऐंशी उलटल्यावरसुद्धा सातारा, पन्हाळा, विशाळगडच्या वेढ्यांना हा स्वतः हजर. 1707 मध्ये अहमदनगरजवळ इथंच संपला. व्याख्यात्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्यापैकी कोण?" सभागृहात सगळ्या बायकांनी महाराजांसाठी हात वर केला. माझाही हात वर होता. दुसऱ्या हातात फोन होता आणि त्यावर मी तुपाचा डबा कुठल्या फळीवर आहे ते सांगत होते.

मुलानं मग दुसरा उपाय काढला. तो म्हणाला, "आई, तुझं सगळं तुझ्या हातात आहे, म्हणून ते दुसऱ्याच्या हातात जात नाही. लिहून काढ." त्यानं डबेवाल्यांचं उदाहरण दिलं. मुंबईत 1890 पासून डबे फिरतायत. एक डबा वाटेत कितीतरी हातांतून जातो, आणि कुठल्याच हाताला सगळं ठाऊक असावं लागत नाही. कुठलं स्टेशन, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं झाकणावरच्या खुणांत. लिज्जतचंही तसंच. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. आज हजारो घरांत लाटले जातात, पण पीठ भिजवायचं केंद्रावर. प्रमाण एका जागी, लाटणारे हात घरोघर. त्यामुळे कुणाच्या पोळपाटाशेजारी जाऊन उभं राहावं लागत नाही.

मी लिहून काढायला बसले. चकलीची भाजणी: तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे. इथवर सुरळीत. पुढे मोहन "बेतानं", पाणी "मावेल तितकं", तिखट "मूठभर". मुलानं वजनकाटा आणला आणि माझी मूठ मोजली. सकाळची मूठ आणि संध्याकाळची मूठ यांत चांगलाच फरक निघाला. आम्ही काटा बदलून आणला. नवा काटाही तसलाच निघाला. शेवटी मुलानं परस्पर एक आकडा ठरवला, कागद फळीवर चिकटवला, आणि मला धाकट्या भाचीच्या लग्नाला नाशिकला पाठवून दिलं.

नाशिकला फोन वाजेना. हळदीला वाजला नाही, सीमांतपूजनाला नाही. मंगलाष्टकं चालू असताना मीच कोपऱ्यात जाऊन लावला. मावशी म्हणाल्या, "सगळं बरं हाय ताई, तुम्ही जेवून घ्या." धंदेवाल्या माणसाला याहून दुष्ट वाक्य कुणी ऐकवू नये. मी खोदून विचारलं. पहिला घाणा विरघळला का? नाही. काटे मोडले? नाही. मऊ पडल्या? तेही नाही. पंगतीत मला श्रीखंड गोड लागेना. परतल्यावर एक जुनं गिऱ्हाईक आवर्जून सांगून गेलं, "या वेळची चकली नेहमीपेक्षा खुसखुशीत झालीय." मी विनयानं म्हणाले, "हो, थोडा बदल केला मी."

त्यानंतर कढईशेजारी उभं राहणं मी कमी केलं. खुर्ची घेऊन बसते.

परवा बसल्याबसल्या पाहिलं. मावशींनी हाताखाली आपली पुतणी आणलीय. पोरगी बरी तळते. मावशी तिच्या खांद्यावरून वाकून उभ्या. "झारा असा नाही धरायचा. आच बघ. अगं, उलट की! सरक, मीच करते." मला राहवेना. मी मावशींना बाजूला घेतलं, आग्रा सांगितलं, मोरोपंत सांगितले, औरंगजेबाचं काय झालं तेही सांगितलं. म्हटलं, "मावशी, माणसावर काम टाकलं की आपण नजर काढून घ्यावी. महाराजांचं बघा."

मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग झारा हातात घेत म्हणाल्या, "ते खरं हाय ताई. पण महाराजांना दिवाळीच्या ऑर्डरी नव्हत्या."

एवढा बिनतोड मुद्दा मी आजवर कुठल्याच व्याख्यानात ऐकला नव्हता. पुढच्या शिबिरात तो मी मांडणार आहे. माझा म्हणून.