उतरू नका, आपण अजून पोहोचलेलो नाही!

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर धुके उतरले, की मुंबईहून आलेल्या वैमानिकाला दुसरी धावपट्टी शोधावी लागते. समजा, तो बेळगावच्या सांबऱ्यात उतरला. विमानात निपाणीचे एक तंबाखू व्यापारी, अण्णा, आहेत. त्यांची स्वारी खूश! निपाणी बेळगाव-कोल्हापूरच्या मध्येच, एकाच हमरस्त्यावर. इकडून गेले काय नि तिकडून गेले काय! अण्णा पिशवी काढायला उठतात. हवाई सुंदरी गोड हसून म्हणते, "सर, बसून घ्या. आपण अजून पोहोचलेलो नाही."

चाके सांबऱ्यात टेकली आहेत, दीड-दोन तासांवर घर आहे; पण तिकिटावर कोल्हापूर लिहिलेले, म्हणून अण्णा कागदोपत्री अजून हवेत. बॅग विमानाच्या पोटात, शिडी पत्त्यावर नाही आणि कंपनीच्या खालच्या माणसाला एकच वाक्य पाठ : "वरून निरोप आला की सांगतो." धुके हटले नाही, तर विमान अण्णांना घेऊन पुन्हा मुंबईला!

नियम आहेत बरे का. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसरे विमान द्या नाहीतर पूर्ण पैसे परत करा, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय सांगते. फक्त शेवटी 'असाधारण परिस्थिती' नावाची पळवाट आहे, आणि आपल्याकडे पाऊस, धुके, ढग हे सगळे दरवर्षी न चुकता असाधारण असते.

जानेवारी 2024 मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईत उतरले. कंटाळलेल्या प्रवाशांनी खाली उतरून विमानाशेजारीच पंगत मांडली. कंपनीला 1 कोटी 20 लाखांचा दंड झाला, मुंबई विमानतळाला 90 लाखांचा. जेवण देशातले सर्वांत महाग ठरले. त्यानंतर मार्चमध्ये सरकारला सुचले, की फार वेळ अडकलेल्या प्रवाशांना विमानातून परत टर्मिनलमध्ये येऊ द्यावे.

अण्णांना मात्र यातले काहीच नवे वाटत नाही. त्यांच्या बेळगाव-निपाणी सीमाभागाचे विमान 1956 साली महाराष्ट्राकडे निघाले आणि म्हैसूर राज्यात उतरवले गेले. 1967 साली महाजन आयोगाने उद्घोषणा केली : निपाणी, खानापूरच्या प्रवाशांनी महाराष्ट्रात उतरावे, बेळगावकरांनी जागेवरच बसावे. ती महाराष्ट्राला पटली नाही, आणि शिडी कुणालाच लागली नाही. 2004 पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढा वेळ पट्टा बांधून बसलेले प्रवासी जगात दुसरीकडे नसतील. विमान कंपन्यांनी आपले कर्मचारी प्रशिक्षणासाठी इकडेच पाठवावेत.

अण्णांची एकच शंका आहे. सहा तासांचा नियम सीमाभागाला लावला, तर पैसे परत मागायचे कुठे? मुंबईच्या खिडकीवर पाटी आहे, 'बंगळूरला विचारा'. बंगळूरची खिडकी म्हणते, 'असा प्रवासीच आमच्या यादीत नाही'. आणि दिल्लीची खिडकी? ती जेवणाच्या सुट्टीवर आहे.