मापात पाप

आपल्या राज्यात मुलं वाढोत न वाढोत, त्यांची मोजणी मात्र झपाट्याने वाढते आहे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन होतं, उंची होते, दंडाचा घेर होतो. पूर्वी हे सगळं अकरा रजिस्टरांत लिहावं लागे, आता पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरावं लागतं. सकाळपासून पोटात चहा-टोस्टशिवाय काही न गेलेल्या पोराची माहिती दुपारच्या आत दिल्लीला पोचते. वरणाची वाटी त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो, पण तिला नेटवर्क नसतं, त्याला कोण काय करणार?

परवा एका तालुक्याची मासिक बैठक झाली. साहेबांनी पडद्यावर तक्ता लावला. खुज्या मुलांचा रकाना लालभडक.

‘मॅडम, हा लाल रंग मार्चअखेर निघाला पाहिजे.’

‘सर, उंची आहे ती,’ पर्यवेक्षिका म्हणाल्या. ‘वजनासारखी महिन्या-दोन महिन्यांत नाही भरून येत.’

‘उंची वाढवा असं मी कुठे म्हटलं? लाल कमी करा.’

लोक हसतील, पण साहेबांना शास्त्राचा आधार आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजायचं आणि त्यापुढचं उभं करून, असा नियम आहे. झोपलेलं मूल उभ्यापेक्षा ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, हे जागतिक आरोग्य संघटनेने धरून ठेवलेलं आहे. आता दोन वर्षं पूर्ण झालेला मुलगा घ्या. त्याची मध्यम उंची ८७.१ सेंटिमीटर, आणि ८१ च्या खाली गेला की तो खुजा. समजा आपलं पोरगं उभं ८०.६ भरलं. त्याला आडवं करा, ८१.३ होईल. ‘उभं मोजलं’ या खुणेपुढे तो आकडा टाका. अर्ध्या मिनिटात एक मूल खुजेपणातून बाहेर! अंडं नाही, दूध नाही, औषध नाही. इतक्या स्वस्तातला उपचार जगात दुसरा नसेल.

उलटही होतं म्हणा. पोराला नीट मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून तळव्यांना सरकती फळी लावायची. मदतनीस चुलीपाशी खिचडी ढवळत असते. सेविका एकटी. पोरगं भोकाड पसरून गुडघे पोटाशी घेतं आणि बघता बघता दोन सेंटिमीटरने खुजं होतं. तेव्हा तक्त्यातल्या लाल रंगात थोडं रडणंही मिसळलेलं असतं, हे साहेबांनी ध्यानात घ्यावं.

या देशात मुलांना वेळेत वाढायची सवयच नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पोषण अभियान ८ मार्च २०१८ ला राजस्थानातल्या झुनझुनूहून निघालं. तेव्हाच्या ताज्या आकडेवारीनुसार देशातली पाच वर्षांखालची ३८.४ टक्के मुलं खुजी होती आणि २०२२ पर्यंत ती २५ टक्क्यांवर आणायची होती. सरकारने तारीख पाळली, २०२२ वेळेवर आलं. मुलांनी पाळली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ती ३५.५ टक्के निघाली. आपला महाराष्ट्र तर उलट्या पावली चालला, ३४.४ वरून ३५.२. गंमत म्हणजे त्याआधीच्या दहा वर्षांत याच राज्याने ४६.३ वरून ३४.४ पर्यंत मजल मारली होती. कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन २००५ साली निघालं ते याच काळात. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. जमतं हे सिद्ध करून झाल्यावर आपण थांबलो.

यावर विद्वानांनी एक तोडगा काढून ठेवलाय. अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३ मध्ये मांडलं की भारतीय मुलं वंशानेच बुटकी असावीत आणि त्यांना परदेशी फूटपट्टी लावली म्हणून ती खुजी ठरतात. बैठकीत हा मुद्दा फार लोकप्रिय आहे. आजा बुटका, बाप बुटका, मग नातवाचा हिशेब सरकारकडे का मागता? अडचण एवढीच, की जागतिक आरोग्य संघटनेने ती फूटपट्टी बनवताना ज्या सहा देशांतली मुलं मोजली, त्यात दिल्लीच्या दक्षिण भागातली मुलंही होती. खाऊनपिऊन सुखी घरातली, स्वच्छ पाणी पिणारी. ती नॉर्वेच्या मुलांच्या जवळपास बरोबरीने वाढली. दक्षिण अमेरिकेतल्या पेरूमधले (देश, फळ नव्हे) आईबापही ‘आम्हीच ठेंगणे’ म्हणत. तिथला खुजेपणा २००८ ते २०१६ या आठ वर्षांत २८ टक्क्यांवरून १३ वर आला. एवढ्यात वंश बदलत नाही, पण आपल्या बैठकीच्या इतिवृत्तात पेरूला जागा नाही.

आता खर्चाचं बघू. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या आहाराचा दर २०१७ मध्ये दिवसाला ८ रुपये ठरला आणि पुढे कित्येक वर्षं तो तसाच राहिला. कटिंग चहा त्याला मागे टाकून केव्हाच पुढे गेला. मूल अतितीव्र कुपोषित झालं की त्याचे १२ रुपये होत. चार रुपयांच्या या बढतीसाठी मुलाला बरंच खंगावं लागे. खुजं मूल इथे मार खातं. ते हडकुळं दिसत नाही, वजन उंचीच्या मानाने ठीक असतं. फक्त तीन वर्षांचं पोर दोन वर्षांचं वाटतं. पाहुणे म्हणतात, ‘किती गोंडस आहे हो!’ अशा गोंडसपणाला सरकारी दर नाही.

खरी मेख वेळेची आहे. खुजेपणा आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांत आणि पुढच्या दोन वर्षांत ठरतो. त्यानंतर कितीही भरवलं तरी गेलेली उंची बहुतेक परत येत नाही. आणि आपण ताजी गरम खिचडी कोणाला देतो? तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. ज्या वयात एकेक घास मोलाचा, त्या वयाला घरपोच आहाराचं पाकीट. त्या पाकिटाच्या चवीविषयी गावोगावच्या कोंबड्या आणि शेळ्या अधिक अधिकाराने बोलू शकतील. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरा जणांना पुरेसं आणि धड खायला मिळतं, असं तेच सर्वेक्षण सांगतं. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं ताजं जेवण मिळतं. ही योजना मुळावर घाव घालणारी आहे, म्हणूनच बहुधा तिच्यावर रांगोळी काढता येत नाही.

रांगोळी महत्त्वाची. सप्टेंबर म्हणजे पोषण माह. कडधान्यांची रांगोळी, पाककृती स्पर्धा, प्रभात फेरी, शपथ, फोटो अपलोड. एका रांगोळीतली मटकी-चवळी मोजली तर दहा पोरांची उसळ निघेल, पण ती फोटो होईपर्यंत कोणी हलवायची नाही. पाककृती स्पर्धेत नाचणीचा केक पहिला येतो. परीक्षक तो खातात.

आणि आई? महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. तिची स्वतःची वाढ पुरी व्हायच्या आत तिच्या पोटात दुसरी सुरू होते. दिवाळी झाली की जोडी कोयता घेऊन ऊसतोडीला निघते. पाल फडाच्या कडेला, पाणी मिळेल तिथलं, संडास उघड्यावर. हगवण लागलेल्या पोराला जेवण जिरत नाही, हे सांगायला डॉक्टर नको. पण ऊस साखर आयुक्तांकडे आणि पाणी जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या विभागाकडे. महिला व बालविकास खात्याच्या वाट्याला उरते ती फूटपट्टी.

तीही आता मोबाईलमध्ये गेली. २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. ते तापत, अडकत, आणि ट्रॅकर इंग्रजीत बोलत असे. आता पाकीट द्यायच्या आधी आईचा चेहरा ओळखावा लागतो. आधार जोडताना ओटीपी येतो नवऱ्याच्या फोनवर. नवरा कारखान्यावर. फोन त्याच्या खिशात, खिसा ट्रॅक्टरवर. बाई मांडीवर लेकरू घेऊन ओट्यावर बसून राहते आणि सेविका टेकडीवर जाऊन रेंज शोधते. पाकीट चोरीला जाऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. ते बाईला मिळू नये म्हणून आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

बैठक संपताना एका नव्या बालविकास प्रकल्प अधिकारी मॅडमनी धीर करून विचारलं, ‘सर, जी मुलं आत्ता लाल आहेत, त्यांचं पुढे काय करायचं?’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ‘वय काय त्यांचं?’

‘चार, साडेचार.’

‘मग झालं तर. सहा पूर्ण झाली की आपल्या यादीतून जातात. पुढे ती शिक्षण खात्याची.’ आणि तक्त्यावरचा पुढचा विषय घेतला.