उणे टक्क्यांचा समुद्र

समुद्रपक्षी बघायचे तर सोलापूरकराने 300 किलोमीटर तुडवून कोकण गाठावं, असा माझा समज होता. दाजींनी तो मोडून काढला. "ओ पाव्हणं, कोकण कशाला? आपली उजनी हाय की!" त्यांच्या मांडीवर 600 मिलिमीटरची उसनी लेन्स होती. वजन तान्ह्या बाळाएवढं, कौतुक त्याहून जास्त.

भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. आम्हाला ते दोनच रूपांत ठाऊक: उन्हाळ्यात पेपरात छापून येणारे पाणीसाठ्याचे उणे टक्के, आणि चार-पाच दिवसांनी नळाला येणारी धार. जानेवारीच्या पहाटे करमाळ्याकडच्या केत्तूरला काठावर उभा राहिलो, तर धुक्यात पलीकडचा काठच दिसेना. एवढं पाणी इथं असताना आमची टाकी कोरडी का, हा प्रश्न मी वाऱ्यावर सोडला. वाऱ्याने तो नेला, पाठोपाठ माझी टोपीही नेली.

काठ म्हणजे काळ्या मातीची पुरुषभर उंचीची दरड. दाजी तिला 'कडा' म्हणत होते. कड्यावर पोटावर झोपून ते पुढे सरकले, मी मागून त्यांचे पाय धरले. बहिणीच्या लग्नातही एवढे घट्ट धरले नव्हते.

"आले! तपकिरी डोक्याचे कुरव!"

डोकी तर पांढरीशुभ्र! "हिवाळ्यात रंग उतरतो," दाजी म्हणाले, "कानामागं तेवढा काळा ठिपका राहतो. विणीच्या हंगामात परत चढतो." आमच्या थोरल्या काकांचंही डोकं लग्नसराईत असंच तपकिरी होतं, ते एक असो. लडाख-तिबेटातल्या तळ्यांकाठी वीण करणारा हा पक्षी थंडीत समुद्र गाठतो, आणि वाटेत उजनीलाही समुद्र समजतो. पक्षिकोशकार मारुती चितमपल्ली 1932 साली सोलापुरातच जन्मले, एवढ्या भांडवलावर दाजी कुठल्याही पाखराबद्दल ठामपणे बोलतात. या वेळी खरं बोलले.

तासाभरात दोनशे फोटो निघाले. त्यांत आभाळ चांगलं आलं होतं.

मग मी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि शेवेची पुडी सोडली. पुडी करकरली मात्र, अख्खा थवा वाऱ्याला छाती देऊन आमच्या डोक्यावर जागच्या जागी तरंगू लागला. फोटोसाठी शेव उधळणाऱ्या होड्यांनी त्यांना ही चटक लावलेली. "काढा की दाजी!" मी ओरडलो. लेन्स नुसती घरघरत होती. चार-पाच मीटरच्या आतलं तिला दिसतच नाही, आणि कुरव हातभर अंतरावर! एकाने दाजींच्या हातातली भाकरी पळवली. तो फोटो माझ्या मोबाइलवर आहे. दाजी तो कुणाला दाखवू देत नाहीत.

जायचं तर फेब्रुवारीपर्यंत जा, टोपीला नाडी लावून. आणि शेवेची पुडी मात्र गाडीतच ठेवा. ती त्या पाखरांच्या पोटाला सोसत नाही.