पहिला लघुपट काढू इच्छिणाऱ्यांसाठी काही जुजबी सूचना

विषय एकटेपणा हाच घ्यावा. नायक दाढी वाढलेला आणि शक्यतो आपला रूममेट असावा, म्हणजे मानधनाचा प्रश्न चहावर मिटतो. तो गजर बंद करतो, आरशात बघतो, सिगारेट पेटवतो आणि चालू लागतो. कुठे चाललाय हे प्रेक्षकाला कळता कामा नये. दिग्दर्शकाला ठाऊक नसले तरी हरकत नाही, त्याला ‘ओपन एंडिंग’ म्हणतात.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला आणि सरावासाठी त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना टिपले. जागेवरून न हलणारा नट, रोज थोडे थोडे चित्रण, आणि ते बघून पुढे भांडवलही उभे राहिले. इतका समंजसपणा आपल्याला झेपणार नाही. शिवाय रोपाला एकटेपणा दाखवता येत नाही.

शूटिंगचा कॉल सकाळी सातचा द्यावा. कॅमेरा नऊला येतो, नायक साडेनऊला अंघोळीला जातो. पहाटेचा सीन अकराला घ्यावा लागला तर खिडकीला निळा जिलेटीन कागद लावावा आणि ‘पोस्टमध्ये बघू’ असे ठामपणे म्हणावे. हा मंत्र पाठच करावा. सेटवरचा एकही पेचप्रसंग त्याच्यापुढे टिकत नाही.

खोलीत ट्यूबलाइट असेल तर थोडे विज्ञान लागते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर १/५० वर ठेवले तर कॅमेऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. १/६० वर राहिले की भिंतीवरून पट्टे सरकू लागतात. त्यांना नायकाची मनःस्थिती म्हणून खपवता येते, पण परीक्षकांनीही कधीतरी तोच प्रकार केलेला असतो.

आता आवाज. सगळे पैसे कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या भाड्यात घालवावेत, आवाजासाठी कोणाचा तरी मोबाईल असतोच. ‘सायलेन्स!’ असे ओरडताच खालच्या काकूंच्या कुकरची शिट्टी होईल. त्यांना विनंती करून परत यावे, तोवर भंगारवाला येईल. पंखा बंद करावा, नायकाला घाम फुटेल. घाम टिपण्यासाठी पंखा लावावा, मग पुढचा शॉट त्या घरघरीत घ्यावा. एडिटिंगला बसल्यावर नायकाच्या वाक्यात पंखा आणि नायिकेच्या वाक्यात शुकशुकाट, असे दोघे एकाच खोलीत राहून वेगवेगळ्या हवामानात बोलताना ऐकू येतील.

फ्रीजही गुणगुणतो. जुने साउंडवाले तो बंद करतात आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतात, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. पॅकअपआधी रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून घेण्याची पद्धत आहे, त्याला रूम टोन म्हणतात. संवादांमधल्या फटी त्यानेच बुजतात. एवढा वेळ आठ-दहा पोरांनी गप्प उभे राहायचे असते. कोणीतरी फिस्सकन हसतेच, आणि तो टोन कायमचा नासतो.

विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये नायक इतका का चालतो, हे एडिटिंगला बसल्यावर उमगते. संवाद कापून टाकल्यावर शिल्लक राहते ते त्याचे चालणेच. त्याखाली पियानो टाकता येतो.

दोन पात्रे समोरासमोर बसवाल तेव्हा त्यांच्यामधली काल्पनिक रेघ ओलांडून कॅमेरा पलीकडे नेऊ नये. नेल्यास भांडणारे प्रेमी एकाच दिशेला बघतात आणि दोघेही बसची वाट बघत असल्यासारखे दिसतात. चहाच्या कपाचे मी बोलणार नाही, तो प्रत्येक कटला आपोआप भरतो.

श्रेयनामावली फिल्मपेक्षा मोठी झाली तरी चालेल, मात्र तीत काकूंचे नाव हवेच, पुढच्या वर्षीही कुकर त्यांचाच असतो. आणि मेमरी कार्ड: फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून, दोन्हींवर उघडून बघेपर्यंत ते कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये. हे मात्र गंमत म्हणून लिहिलेले नाही.