श्री. रांगेकर यांची तारीख

न्यू जर्सीतल्या एडिसनला, टेक्सासातल्या फ्रिस्कोला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला महाराष्ट्र मंडळाचा गणपती बसला, की आरतीनंतरच्या महाप्रसादाच्या रांगेत श्री. रांगेकर हटकून भेटतात. वय पंचेचाळिशीच्या आसपास, पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअरचा, घर स्वतःचं, गाडी स्वतःची, अंगणातलं गवतसुद्धा स्वतः कापलेलं. आणि या देशातला मुक्काम सरकारदरबारी तात्पुरता. नवा मराठी माणूस दिसला की ते त्याचं गाव विचारत नाहीत, आडनावावरून नातंही काढत नाहीत. "पीडी काय तुमची?" एवढंच विचारतात. समोरच्यानं "२०१४, ईबी-टू" असं सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर निम्मी सहानुभूती आणि निम्मं समाधान उमटतं, कारण त्यांची स्वतःची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीनकार्डाच्या रांगेत नंबर लावल्याची तारीख, २०१३ ची असते. बायकोच्या मते त्यांना कागदांचं वेड लागलं आहे. पुण्याच्या मेहुण्यांच्या मते ही डॉलरची हाव आहे. मंडळातली पोरं त्यांना 'बुलेटिनकाका' म्हणून मोकळी होतात. तिन्ही निदानं सोयीची आहेत आणि तिन्ही चुकीची. रांगेकर हे मुळात सरळ, हिशेबी आणि थोडेसे कंटाळवाणे गृहस्थ आहेत. त्यांच्यात जे जे विक्षिप्त दिसतं, त्या प्रत्येकामागे अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं एखादं कलम किंवा नियम उभा आहे.

आधी ग्रीनकार्डाच्या रांगेचाच हिशेब पाहू. रांगेकरांना तो झोपेतही येतो. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. हा आकडा १९९० च्या कायद्यानं ठरवला, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत हेही त्याच कायद्यानं. रांगेकर ज्या दुसऱ्या वर्गात, म्हणजे ईबी-टूमध्ये, मोडतात, त्याच्या वाट्याला येतात सुमारे ४०,०००. त्याचे सात टक्के म्हणजे २,८००. बाकीच्या देशांनी न वापरलेली काही उरली तर भारतीयांच्या पदरात पडतात, पण त्या उरल्यासुरल्यावर आयुष्याचा बेत कसा आखायचा? शिवाय या २,८०० मध्ये बायको आणि पोरंही मोजली जातात. चौकोनी कुटुंबं धरली तर झाली सातशे घरं. उलट बाजूला एच-वन-बी व्हिसावर दरवर्षी ८५,००० माणसं कामाला घ्यायची सोय आहे आणि त्यांतले बहुसंख्य भारतीय असतात. दार रुंद आणि बोळ अरुंद ठेवला की आत गर्दी होणारच. म्हणून दर महिन्याच्या मध्यावर परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन निघतं आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगतं. ही तारीख पुढे सरकते, जागच्या जागी थांबते आणि मनात आलं तर मागेही जाते. २०२५ संपतानाही दुसऱ्या वर्गातल्या भारतीयांची गाडी २०१३ मध्येच घुटमळत होती. कालगती उलटी फिरवण्याचा अधिकार जिथे सरकारी तक्त्याला आहे, तिथे तो तक्ता महिनाभर डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या माणसाला वेडा ठरवणं अन्यायाचं आहे. सोडत काढून दरवर्षी काही हजार व्हिसे वाटण्याची योजनाही अमेरिकेच्या कायद्यात आहे, पण जिथून आधीच पुष्कळ लोक येतात त्या देशांना ती बंद असते. भारत त्यांतच येतो. थोडक्यात, नशीब काढायलाही रांगेकर अपात्र आहेत.

आता त्यांच्या एकेका लहरीकडे वळू. ते बढती टाळतात. साहेबानं "मॅनेजर होतोस का?" विचारलं की ते आनंदानं नाही, धास्तीनं वकिलाला मेल करतात. कारण त्यांचा अर्ज एका विशिष्ट हुद्द्यासाठी, विशिष्ट कामासाठी झालेला असतो. तो करण्यापूर्वी कंपनीनं त्यांच्याच जागेची जाहिरात दोन वेगवेगळ्या रविवारी वर्तमानपत्रात दिलेली असते आणि लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही असं कामगार खात्याला पटवलेलं असतं. आपल्याच नोकरीची जाहिरात वाचत, तिला कुणी योग्य उमेदवार मिळू नये म्हणून देवाला नारळ बोलणारा माणूस ही या पद्धतीची खास निपज. काम फार बदललं तर हे 'लेबर' पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. तेव्हा रांगेकरांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांच्या डोक्यावर जाऊन बसतात आणि रांगेकर त्यांच्या बढतीचा केक निर्विकारपणे खातात. घर बदललं की ते सामान उघडण्याआधी सरकारला नवा पत्ता कळवतात, कारण नियम दहा दिवसांचा आहे. नोकरीत कपातीची कुजबुज ऐकली की ते बोटांवर साठ मोजतात, कारण नोकरी गेली तर नवा मालक शोधायला जास्तीत जास्त तेवढेच दिवस. आणि थोरलीच्या एकविसाव्या वाढदिवसाची त्यांना जेवढी धडकी भरते तेवढी तिच्या परीक्षांची कधी भरली नाही. एकविशी उलटली की मूल बापाच्या अर्जातून गळतं. अर्ज तपासण्यात गेलेले काही दिवस वयातून वजा करून मिळतात, म्हणून रांगेकर मुलीचं वय नुसत्या वर्षांत सांगत नाहीत, 'कायद्यानं' किती तेही सांगतात. दोन वर्षांची असताना आलेली ही पोर मराठी अडखळत बोलते, आणि कागद तिला परक्या देशाची विद्यार्थिनी व्हायला सांगतात.

मायदेशी जाण्याच्या बाबतीतही लोक त्यांना तुटक म्हणतात. पुतणीच्या लग्नाचं निमंत्रण आलं की त्यांचा पहिला प्रश्न मुहूर्ताचा नसतो, वकिलातीच्या अपॉइंटमेंटचा असतो. अमेरिकेत राहण्याची परवानगी एका कागदावर असते आणि अमेरिकेत शिरण्याची परवानगी पासपोर्टवरच्या शिक्क्यात. हा शिक्का अमेरिकेतच नवा करून घेण्याची सोय २००४ मध्ये बंद झाली. परिणामी कायदेशीरपणे राहणारा माणूस घराबाहेर पडला की परत येण्यासाठी त्याला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या खिडकीसमोर पुन्हा उभं राहावं लागतं. अक्षता टाकायला गेलेल्या माणसाच्या खिशात अक्षतांपेक्षा पगाराच्या पावत्या जास्त सापडतात, त्या यामुळे.

त्यांच्या कागदप्रेमाचा उगम मात्र निम्मा अमेरिकेत आणि निम्मा आपल्याकडे आहे. ग्रीनकार्डाच्या अर्जाला जन्मदाखला लागतो. रांगेकरांच्या पिढीतल्या कित्येकांचा जन्मदाखला एक तर नाहीच, किंवा आहे त्यावर बाळाचं नावच नाही, नुसतं 'पुरुष' लिहिलेलं. शाळेच्या दाखल्यावर तारीख १ जून, कारण नाव घालायला आलेल्या पोराचं वय शाळा सुरू होण्याच्या बेतानं बसवून देणं ही मास्तरांची जुनी कृपा. सौ. रांगेकरांची कथा आणखी वेगळी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, माहेरची सुनंदा सासरची मेधा झाली, आणि पंचवीस वर्षांनी परक्या देशातला अधिकारी विचारतो, या दोन बायकांपैकी अर्जदार कोण? मग सांगलीत रांगेकरांचे ऐंशीच्या घरातले वडील महापालिकेत जाऊन 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला मिळवतात. कागद नसल्याचा कागद मिळवणं हे कागद मिळवण्याहून अवघड असतं, कारण जी नोंद नाही ती शोधायला कारकुनाला उत्साह नसतो. जोडीला एखाद्या आत्याचं प्रतिज्ञापत्र: हा जन्मला तेव्हा मी होते. आणि आपल्या प्रायॉरिटी डेटला रांगेकर जपतात ते आपला शेतकरी सातबारा जपतो तसं. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पण मधला एक अर्ज मंजूर झाला की मालक बदलला तरी सहसा आपलीच राहते. फरक इतकाच, की जमीन पोरांच्या नावावर चढते. ही चढत नाही.

यावर मेहुण्यांचा आक्षेप तयार असतो: एवढा जाच आहे तर परत या, तुम्हाला धरून कुणी ठेवलंय? प्रश्न रास्त आहे आणि काहीजण येतातही. पण ही रांग कधीच "तुम्हाला मिळणार नाही" असं सांगत नाही. ती सांगते, "अजून नाही." साफ नकार मिळालेला माणूस सामान बांधतो, "पुढच्या महिन्यात बघू" ऐकलेला माणूस पुढच्या महिन्यापर्यंत थांबतो, आणि असे महिने साठून मुलं कॉलेजात जातात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. सात टक्क्यांची अट सगळ्या देशांना सारखीच आहे, मग तक्रार कसली? एकाच देशानं सगळी कार्डं नेऊ नयेत यात तथ्य नक्कीच आहे. पण सारख्या नियमाचं माप माणसाला लागायला हवं. इथे ते नकाशाला लागतं. आइसलँडला आणि भारताला मर्यादा एकच. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहानं ही अट काढणारं विधेयक मोठ्या बहुमतानं मंजूर केलं, पुढच्या वर्षी सिनेटनं आपला वेगळा मसुदा मंजूर केला, आणि दोन्हींचा मेळ न बसल्यानं कायदा झालाच नाही. तिसरा आक्षेप असा, की हे सगळं पोटभरल्यांचं दुःख आहे. ते मान्य करायला हवं. आखाती देशात मालकाच्या परवानगीवर जगणाऱ्या मजुराशेजारी रांगेकर सुखीच आहेत, आणि तेही हे नाकारत नाहीत. मुद्दा दुःखाच्या मोठेपणाचा नाहीच. सुखवस्तू माणसाचाही स्वभाव नियमांच्या साच्यातून घडवता येतो, हा मुद्दा आहे.

कुणी म्हणेल, स्वभाव घडायला माणूस आधी मऊ लागतो. रांगेकरांना पाठीचा कणाच नाही. इतिहास तसं सांगत नाही. २००७ च्या जुलैसाठीच्या बुलेटिननं जवळजवळ सगळ्या तारखा खुल्या केल्या. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, फोटो काढले, अर्ज धाडले. आणि २ जुलैला सरकारनं सांगितलं, व्हिसे संपले, अर्ज घेणार नाही. तेव्हा रांगेतल्या या मवाळ माणसांनी 'लगे रहो मुन्नाभाई' पाहून ठेवलेला होता. त्यातल्यासारखीच त्यांनी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना फुलं पाठवली, एकदोन नाही, ढिगानं. प्रमुखांनी ती जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवली. कज्जेही गुदरले गेले, आणि १७ जुलैला खात्यानं निर्णय फिरवला. पुढे २०२० च्या ऑक्टोबरात तिसऱ्या वर्गाची अर्ज भरण्याची तारीख दुसऱ्याच्या साडेतीन वर्षांहून अधिक पुढे गेली, तेव्हा जन्मभर पहिला वर्ग हुकू नये म्हणून झटलेली हीच माणसं आपल्याला खालच्या वर्गात ढकला म्हणून कंपनीच्या मागे लागली. "झालं का तुमचं डाऊनग्रेड?" असं अभिनंदनाच्या सुरात विचारलं जाई. यात कणा नसल्याचं काही दिसत नाही. कलम वळेल तिकडे वळणारी, तल्लख आणि पुरेशी विनोदी बुद्धी मात्र दिसते.

एवढ्यानंही पटत नसेल तर एक चाचणी आहे. रांग नागरिकत्व विचारत नाही, जन्माचं ठिकाण विचारते. समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला सांगलीत जन्मला. धाकटा, वडील नोकरीनिमित्त कुवेतला असताना तिथे जन्मला. आई तीच, आडनाव तेच, पासपोर्टही भारताचाच. धाकट्याची मोजदाद कुवेतच्या खात्यात होते, त्याला काही वर्षांत कार्ड मिळतं, तो बढती घेतो, लग्नाला ऐनवेळी तिकीट काढतो आणि बुलेटिन कशाशी खातात हे त्याला ठाऊक नसतं. थोरला रांगेकर होतो. बायकोचा जन्म परदेशातला असेल तर नवऱ्याला तिच्या देशाच्या खात्यात मोजता येतं. म्हणून रांगेकर परिचयात वहिनींचं माहेर न विचारता प्रसूतिगृह विचारतात. वेड रक्तात असतं तर ते दोन्ही भावांत उतरलं असतं.

कार्ड मिळाल्यावर तरी ते निवळतात का? थोडेफार. पण कार्ड टिकवायचं तर फार काळ परदेशी राहून चालत नाही, आणि सहा महिन्यांवर राहिलं तर नागरिकत्वाच्या पाच वर्षांच्या मोजणीत खोडा येऊ शकतो. मग ते आईच्या आजारपणात दिवस मोजतात. नागरिकत्व मिळालं की भारताचा पासपोर्ट परत करायचा, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठी नवी फाइल उघडायची. या वेळी कागद मागणारं सरकार आपलं असतं, एवढाच बदल. तेव्हा रांगेकरांना हसायला काहीच हरकत नाही. ते स्वतःही हसतात. फक्त हसणाऱ्यानं आपण कुठल्या गावच्या प्रसूतिगृहात जन्मलो ते एकदा आठवून पाहावं. शहाणपणाचं श्रेय बहुधा तिथल्या सुईणीला द्यावं लागेल.